गेटवरच्या वहीतले शेवटचे पान : कोपरखैरणेतील एका स्वयंसेवी समितीचे प्रकरण

कोपरखैरणेतील एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण संस्थेच्या गेटवर पाहुण्यांची नोंद करण्यासाठी पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही ठेवलेली असे. पुढच्या पानांवर कुरिअरवाले, गॅसची टाकी आणणारे, नातेवाईक यांची नावे घाईघाईने लिहिलेली असत आणि बाहेर पडण्याच्या वेळेचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राही. त्याच वहीत शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने मात्र वेगळी नोंद सुरू होती. पट्टीने आखलेले पाच रकाने आणि त्यांत एकाच सदनिकेची माहिती : कोण बाहेर गेले, किती वाजता, कोणासोबत, किती वाजता परत आले, हातात काय होते. वरच्या मथळ्यात सदनिकेचा क्रमांक नव्हता. तेथे निळ्या शाईत ‘चिंकी रूम’ असे, ईशान्येकडील लोकांना चेहऱ्यावरून हिणवणारा शब्द वापरून, लिहिलेले होते.

त्या सदनिकेत तीन तरुणी भाड्याने राहत होत्या. एक ऐझॉलची, खासगी रुग्णालयात परिचारिका. दुसरी नागालँडमधील दिमापूरची, महापे येथील एका कॉल सेंटरमध्ये नोकरीला. तिसरी मणिपूरची, वाशीतील एका सलूनमध्ये काम करणारी. त्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा आणि रीतसर नोंदणी केलेला होता. म्हणजे त्या पाहुण्या नव्हत्या, त्या इमारतीतील रहिवासी होत्या, आणि तरीही रात्रपाळी संपवून सकाळी साडेसात वाजता परतणाऱ्या परिचारिकेच्या हातात दुधाची पिशवी होती की आणखी काही, हे कोणीतरी रोज लिहून ठेवत होते.

या पानाचे पुढे काय झाले आणि आमच्या समितीने ते हाताळताना कोणत्या चुका केल्या, हे येथे मांडत आहे. समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने प्रत्येक बैठकीची टिपणे हाताशी होती. इमारत ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही.

समितीची घडण

आमची समिती एखाद्या वैचारिक चर्चेतून जन्माला आलेली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कोपरखैरणे आणि घणसोलीच्या गावठाणांत, एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या, गावकऱ्यांनी परवानगीविना ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांत, ईशान्येकडील राज्यांतले आणि नेपाळमधले बरेच तरुण अडकून पडले होते. हॉटेले, सलून, सुरक्षा एजन्सी असे सगळेच बंद. त्यांना शिधा पोहोचवण्यासाठी आम्ही काही जण एकत्र आलो. शिधा देताना जे ऐकायला मिळाले ते तांदळाच्या पिशवीपेक्षा जड होते. किराणा दुकानाच्या रांगेत त्यांना ‘कोरोना’ म्हणून हाक मारली जात होती, आणि मागे सरकून उभे राहायला सांगितले जात होते. हे केवळ आमच्या सेक्टरमध्ये घडत नव्हते. केंद्रीय गृहमंत्रालयाला २१ मार्च २०२० रोजी सर्व राज्यांना यासंबंधी सूचनापत्र पाठवावे लागले होते, आणि त्यानंतरही सांताक्रूझच्या कलिना भागात मोटारसायकलवरील एक जण मणिपूरच्या तरुणीवर थुंकून गेल्याची घटना घडलीच.

नवी मुंबईला ईशान्य भारताचे लोक अनोळखी असण्याचे खरे तर कारण नाही. वाशीत आसाम भवन आणि मिझोराम हाऊस कित्येक वर्षांपासून उभे आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात आणि त्याच संस्थेच्या खारघरमधील ॲक्ट्रेक केंद्रात कर्करोगाच्या उपचारांसाठी तिकडून रुग्ण सतत येतात, त्यांचे नातेवाईक महिनोन्‌महिने येथे राहतात. शिवाय १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले, त्या गावांतील आगरी-कोळी कुटुंबे सोडली तर येथे प्रत्येकच जण कोठून तरी आलेला आहे. आम्ही स्वतः साताऱ्याहून, जळगावहून, लातूरहून आलो, पण आमच्या येण्याची कोणी वेगळ्या पानावर नोंद केली नाही.

टाळेबंदी संपल्यावर गट विखुरला नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायचे ठरले. निवृत्त शिक्षिका, बँकेतील एक कर्मचारी, एक वकील, गावठाणातील एक आगरी तरुण, आसाममधील एक सुरक्षा पर्यवेक्षक आणि आम्ही इतर काही, असे नऊ-दहा जण. समितीची संस्था म्हणून नोंदणी करावी की नाही, यावर तीन बैठका खर्ची पडल्या. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, तेवढे आम्ही होतो. पण हिशेब, लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की करावे लागणारे बदल अर्ज यांत वेळ जाईल म्हणून आम्ही ते टाळले. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली, कारण नोंदणी नसलेल्या समितीच्या पत्राला कोणी फारसे वजन देत नाही.

वासाची तक्रार आणि सात दिवसांची मुदत

प्रकरणाची सुरुवात वहीपासून झाली नाही, ती स्वयंपाकघरातून झाली. दिमापूरच्या मुलीच्या आईने गावाहून आखुनी पाठवली होती. सोयाबीन उकडून, पानात बांधून, चुलीच्या उबेला काही दिवस ठेवून ती आंबवतात आणि डुकराच्या मटणात किंवा चटणीत घालतात. तिचा वास उग्र असतो, हे त्या मुलीही मान्य करतात. त्या सदनिकेच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा इमारतीच्या आतल्या बंदिस्त डक्टमध्ये उघडत होता आणि त्याच डक्टमध्ये वरच्या दोन मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या होत्या. साहजिकच वास वर गेला.

पहिल्या दिवशी कोणीतरी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात विचारले की ड्रेनेज तुंबले आहे का. दुसऱ्या दिवसापर्यंत विषय ड्रेनेजवरून त्या मुलींवर आला, आणि संध्याकाळपर्यंत त्या काय खातात, त्यांच्याकडे कोण येते, रात्री त्या कोठे जातात, अशा प्रश्नांची रांग लागली. परिचारिकेची रात्रपाळी त्या गटातील कोणालाही माहीत नसावी असे नाही. तिच्या गणवेशावर रुग्णालयाचे नाव होते. चौथ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी घरमालकिणीला फोन करून सांगितले की सदनिका सात दिवसांत रिकामी करून घ्या, नाहीतर पोलिसांची भानगड तुमच्या गळ्यात येईल. वहीतील शेवटचे पान त्याच सुमारास सुरू झाले होते.

आम्हाला हे कळले ते आसामच्या सदस्याकडून. त्या इमारतीचा दिवसपाळीचा वॉचमन त्यांच्या ओळखीचा होता. लातूरकडचे, पन्नाशी ओलांडलेले ते गृहस्थ एका रात्री त्यांना म्हणाले, “साहेबांनी सांगितलं म्हणून लिहितो, पण पोरींच्या पिशवीत डोकावायला मला बरं वाटत नाही.” त्यांनी स्वतःहून त्या पानाचा फोटो काढू दिला. हा फोटो आमच्या हाती आला तेव्हा तो काढू देणाऱ्या माणसाचे काय होईल, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नाही.

आमचे पहिले पत्र

त्या रविवारची बैठक तापलेली होती. निवृत्त शिक्षिकांनी बडोद्याची आठवण काढली. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, शहरात त्यांना कोणी घर दिले नाही, पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. सामान घेऊन ते त्या दिवशी बागेत बसून राहिले. बाई म्हणाल्या, “शंभर वर्षांनी खोलीच्या दारात उभं राहून तेच सांगितलं जातंय, आणि आपण अर्ज-विनंत्यांची भाषा करायची का?” त्यांच्या म्हणण्यात काही खोटे नव्हते. जात आणि वंश या दोन गोष्टी एक नव्हेत, स्वतः बाबासाहेबांनी जातीची वांशिक उपपत्ती नाकारलेली आहे. पण माणसाला पाहताक्षणी त्याची पायरी ठरवून टाकण्याची सवय दोन्हीकडे तीच आहे, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ती ओळखू यायला वेळ लागू नये.

त्याच रात्री आम्ही पत्र तयार केले. त्यात तीन मागण्या होत्या. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागावी, सचिवांनी राजीनामा द्यावा आणि तसे न झाल्यास अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याखाली तक्रार दाखल करण्यात येईल. पत्रासोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला. पत्राची एक प्रत एका स्थानिक वार्ताहरालाही गेली. ती कोणी पाठवली यावर नंतर वाद झाला. मी येथे एवढेच नोंदवतो की ती पाठवू नये असे बैठकीत कोणी म्हटले नव्हते.

पुढच्या चार दिवसांत तीन गोष्टी घडल्या. संस्थेने उत्तर दिले की अशी कोणतीही सूचना आम्ही दिलेली नाही, वॉचमनने परस्पर नोंद ठेवली. आणि सुरक्षा एजन्सीला सांगून त्यांना कामावरून कमी केले. वार्ताहराने मुलींना गेटवर गाठून मोबाइल समोर धरला. आणि मणिपूरच्या मुलीच्या सलूनमध्ये मालकिणीने विचारले की तुझ्या घरी पोलीस येणार आहेत का.

त्यानंतरच्या गुरुवारी परिचारिका आम्हाला भेटायला आली. तिचे मराठी वॉर्डात शिकलेले होते : दुखतंय का, जेवलात का, इकडे वळा, सुई टोचेल हं. त्यामुळे ती हिंदीत बोलली, पण सुरुवातीचे एक वाक्य तिने मुद्दाम मराठीत जुळवून आणले होते. “तुम्ही आम्हाला विचारलं नाही.” मग तिने सांगितले की त्यांना माफी नको होती. सचिव राहतात की जातात, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना करार संपेपर्यंतचे उरलेले पाच महिने तेथे राहायचे होते, जाताना अनामत रक्कम पूर्ण परत हवी होती आणि वहीतील ते पान बंद व्हायला हवे होते. अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली तक्रार करायची असती तर ती त्यांची त्यांनी ठरवली असती. तिच्या मणिपूरच्या मैत्रिणीच्या घरच्यांना मे २०२३ मध्ये तेथे उसळलेल्या वांशिक हिंसाचारानंतर गाव सोडून निघावे लागले होते. अशा घरात पोलीस ठाण्याचे नाव काढण्यापूर्वी निदान एकदा विचारायला हवे होते, एवढेच तिचे म्हणणे होते.

त्या संध्याकाळच्या इतिवृत्तात मी तिची तीन वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेतली आहेत. आमच्या पत्रातील मागण्या आणि तिच्या मागण्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांत एकही समान नव्हती. आम्ही न्यायाची भाषा बोलत होतो आणि ज्यांना तो हवा होता त्यांच्याशी बोललो नव्हतो. वॉचमनच्या बाबतीत तर आमच्या हातून सरळ अन्याय झाला होता, कारण संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्याच गळ्यात शिक्षा पडली आणि ती आमच्या फोटोमुळे पडली.

कायदा कोठपर्यंत हात देतो

पहिले पत्र मागे घेतल्यावर आमच्या वकील सदस्यांनी दोन आठवडे बसून कायद्याची बाजू मांडली. ती येथे थोडी विस्ताराने देतो, कारण अशा समित्यांमध्ये कायद्याविषयी अवास्तव आशा आणि अवास्तव निराशा दोन्ही आढळतात.

संविधानाचे पंधरावे कलम धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. त्यातील दुसरा खंड खासगी व्यक्तींनाही लागू होतो, पण तो दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, रस्ते अशा ठिकाणांविषयी आहे. भाड्याच्या खासगी घराचा त्यात उल्लेख नाही. वंशावरून होणारी छळवणूक रोखण्यासाठी वेगळे कलम असावे, ही सूचना मात्र फार पूर्वी झालेली आहे. अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी नीडो तानिया याला जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतील लाजपतनगरात केसांवरून हिणवण्यात आले, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला आणि भारतीय दंड संहितेत १५३ क व ५०९ अ अशी दोन कलमे घालण्याची शिफारस केली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मा दोर्जी यांच्या याचिकेवर निकाल देताना अशा घटनांवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. परंतु ती दोन कलमे संहितेत आली नाहीत, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हाही त्यांना जागा मिळाली नाही. नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाला स्वतंत्र शिक्षा आहे, समूहांत वैर पसरवण्याविरुद्धचे कलमही आहे. पण गेटवरच्या वहीतील एका मथळ्याचे काय करायचे, हे तिच्यात सापडत नाही.

अत्याचार प्रतिबंध कायद्याचा मार्ग खरोखर खुला होता. एका राज्यात अनुसूचित जमातीत असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेल्यावरही तिला या कायद्याचे संरक्षण मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिलेला आहे. तो मार्ग कधी आणि कोणी वापरायचा, हे मात्र समितीने ठरवायचे नव्हते. मुलींना ही सगळी माहिती लिहून दिली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी तक्रार न करण्याचे ठरवले, आणि त्यावर आम्ही पुन्हा विचारणा केली नाही.

उपयोगी पडला तो सहकार कायद्याचा आणि उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांचा, भाग, ज्यात वंश हा शब्दही नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपली सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची परवानगी घ्यावी लागत नाही, केवळ कळवावे लागते. भाडेकरूच्या बाबतीत संस्था मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे बिनवापर शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घरमालकाची आहे आणि ती येथे पार पाडलेली होती. सात दिवसांत घर रिकामे करा असे तोंडी सांगण्याचा सचिवांना कोणताही अधिकार नव्हता. हे चारच मुद्दे, पण त्यांनी आमच्या दुसऱ्या पत्राचा सूर बदलला.

घरमालकीण, नळी आणि सभा

खरा अडसर वेगळा होता. संस्थेच्या दृष्टीने आमची समिती कोणीच नव्हती आणि मुली भाडेकरू असल्याने सभासद नव्हत्या. सर्वसाधारण सभेत विषय मांडण्याचा हक्क ज्या एका व्यक्तीला होता ती व्यक्ती साताऱ्यात राहत होती आणि सचिवांच्या फोनने घाबरलेली होती. म्हणून शिक्षिका आणि मी साताऱ्याला गेलो. घरमालकीणबाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी पोहे दिले, चहा दिला आणि अर्धा तास दुसऱ्याच विषयांवर बोलल्या. मग म्हणाल्या, “पोरी भाडं एक तारखेला देतात, घर स्वच्छ ठेवतात, माझी काही तक्रार नाही. पण मला कोर्टकचेरी नको.” आम्ही त्यांच्यासमोर नोंदणी केलेला करार, पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरूंच्या माहितीची पोच आणि उपविधींची प्रत ठेवली. पोचपावतीचे मोल त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी चष्मा लावून तिन्ही कागद वाचले, ड्रॉवरमधून आंतरदेशीय पत्रासारख्या निळसर रंगाचा कागद काढला आणि स्वतःच्या अक्षरात संस्थेला पत्र लिहिले की माझ्या भाडेकरूंना घर सोडण्यास सांगू नये आणि त्यांच्या जाण्यायेण्याची वेगळी नोंद का ठेवली जाते, हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. पत्र त्यांनी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घेणे संस्थेला बंधनकारक असते आणि सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे हे पत्र बाजूला ठेवून देणे पदाधिकाऱ्यांना शक्य झाले नाही.

दरम्यान वासाचा प्रश्न आम्ही वंशाच्या प्रश्नापासून वेगळा काढला. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय हाच होता आणि तो समितीतील आगरी तरुणाने सुचवला. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या न्हाणीघरात वास येतो, ही तक्रार खरी होती. ती करणारी बाई वंशद्वेष्टी आहे असे धरून चालणे हा दुसऱ्या बाजूने केलेला तसलाच शिक्का असता. त्याने प्लंबर आणला, डक्टची पाहणी केली आणि एक्झॉस्टला नळी जोडून ती बाहेरच्या भिंतीकडे काढली. खर्च घरमालकीण आणि मुली यांनी निम्मा निम्मा वाटून घेतला. नळी बसवून झाल्यावर तो वरच्या मजल्यावर त्या बाईंना भेटायला गेला. त्याने त्यांना सांगितले की त्याची आई पूर्वी सेक्टरमध्ये मासळीची पाटी घेऊन फिरायची आणि काही इमारतींच्या गेटवर वास येतो म्हणून तिला बाहेरच बसवून ठेवत, गिऱ्हाईक खाली उतरून यायचे. सुक्या बोंबलाचा वास त्यांच्या घरात वर्षभर असतो आणि पावसाळ्यात तोच त्यांचा आधार असतो. “वास कमी करता येतो, काकू,” तो म्हणाला, “आईला बाहेर बसवलेलं मात्र अजून जात नाही.” बाई काही बोलल्या नाहीत. पण सभेत पहिल्यांदा हात वर करून “माझी तक्रार मिटलेली आहे” असे सांगणाऱ्या त्याच होत्या.

सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी संस्थेच्या गच्चीखालच्या हॉलमध्ये झाली. समितीतील कोणालाही प्रवेश नव्हता आणि मुलींनाही नव्हता. त्या खाली कंपाउंडमध्ये, सायकलींच्या स्टँडजवळच्या कठड्यावर बसून होत्या. परिचारिका रात्रपाळी करून आली होती आणि झोपायला गेली नव्हती. वर ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते त्यांना त्या बोलण्याचा एक शब्दही ऐकण्याची सोय नसावी, ही रचना मला आजही बोचते. पुढच्या काळात भाडेकरूंना निदान निमंत्रित म्हणून बसू द्यावे, अशी मागणी आम्ही लावून धरली आहे. तिला अजून यश आलेले नाही.

सभेतील वृत्तांत घरमालकीणबाईंनी आणि त्यांना साथ देणाऱ्या दोन सभासदांनी नंतर सांगितला. सचिव म्हणाले की शेजारच्या इमारतीत पोलीस चौकशीला आले होते, म्हणून सुरक्षेसाठी नोंद ठेवली. एका सभासदाने विचारले की मग तीच नोंद माझ्या मुलाच्या खोलीत राहणाऱ्या मित्रांची का ठेवली नाही. यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर ठराव असा झाला : गेटवर सर्व सदनिकांसाठी एकच वही राहील, तीत केवळ पाहुण्यांची नोंद होईल, रहिवाशांच्या, मग ते मालक असोत वा भाडेकरू, जाण्यायेण्याची नोंद केली जाणार नाही आणि कोणत्याही सदनिकेचा उल्लेख क्रमांकाखेरीज अन्य शब्दाने केला जाणार नाही. विरोधात नऊ हात वर झाले. शेवटचे पान फाडून टाकावे असे एकाने सुचवले. घरमालकीणबाईंनी त्याला हरकत घेतली आणि ते पान तारखेसह तिरकी रेघ मारून, अध्यक्षांच्या सहीने बंद करावे असा आग्रह धरला. टपाल खात्यात रद्द केलेली नोंद खोडत नाहीत, ती वाचता येईल अशीच ठेवतात, हे त्यांचे कारण होते.

सभेनंतर

माफी कोणी मागितली नाही. सचिव अजूनही त्याच पदावर आहेत आणि आमच्यातील काही जणांना हे मान्य नाही. ती नाराजी इतिवृत्तात नोंदलेली आहे. वॉचमनना त्यांच्या एजन्सीने दोन महिन्यांनी घणसोलीतील दुसऱ्या इमारतीवर काम दिले. मधल्या काळातील त्यांच्या बुडालेल्या पगारापैकी निम्मी रक्कम आम्ही वर्गणी काढून दिली. त्यांनी ती घेतली, पण समितीच्या बैठकीला या म्हटले तेव्हा आले नाहीत, आणि त्यांना तसे वाटण्याचे कारण आहे.

मणिपूरची मुलगी करार संपण्याची वाट न पाहता ऐरोलीला एका नातेवाईक कुटुंबाकडे राहायला गेली. ठरावाने वही बदलली, पण लिफ्टमध्ये आपण शिरताच बोलणे थांबते, हे ठरावाने बदलत नाही, असे ती म्हणाली. उरलेल्या दोघींनी पाच महिने पूर्ण केले, त्यांना अनामत रक्कम पूर्ण मिळाली. परिचारिका आता गावठाणात, आगरी तरुणाच्या चुलत्याच्या घरात भाड्याने राहते.

समितीने आपली पद्धत बदलली. आता कोणतेही प्रकरण हाती घेण्यापूर्वी दोन पानी अर्ज भरून घेतला जातो. तो मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. त्यात घटना काय घडली हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न ‘तुम्हाला काय व्हायला हवे आहे’ आणि दुसरा ‘कोणाला कळू नये असे तुम्हाला वाटते’. पुराव्याचा कागद किंवा फोटो कोणी दिला, आणि तो वापरल्यास त्या माणसावर काय परिणाम होईल, यासाठी एक वेगळा रकाना आहे. तो रिकामा असेल तर पत्र बाहेर जात नाही. समितीची नोंदणीही करून घेतली. परिचारिका आणि दिमापूरची मुलगी दोघीही तिच्या संस्थापक सभासदांत आहेत.

या अर्जावरचे पहिले प्रकरण नायजेरियाच्या एका विद्यार्थ्याचे आले. परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. ती टाळून अनेक जण तोंडी व्यवहारावर जागा देतात, आणि मग त्याच तोंडी व्यवहाराच्या आधारे भाडेकरूला एका दिवसात बाहेर काढतात. त्याचेही तसेच झाले होते. करार नाही, पावती नाही, त्यामुळे आमच्या हातात उपविधीही नव्हते आणि सभासदाचे पत्रही नव्हते. घरमालकाकडे आम्ही चार खेपा घातल्या. अर्ज परिचारिकेने भरून घेतला होता. पहिल्या प्रश्नासमोर त्या मुलाच्या सांगण्यावरून तिने लिहिले आहे : ‘खोली परत नको. पुस्तकांची पेटी आणि अनामत रक्कम हवी.’ पेटी मिळाली आहे. रकमेसाठी येत्या रविवारी पाचवी खेप आहे.